उन्हातला काळा

१

उस्तादांना कशानं मारलं हे विचारायची गरजच नव्हती. पपईएवढी लोखंडी ऐरण त्यांच्या कानाशीच पडली होती आणि तिच्या कोपऱ्याला त्यांचे पांढरे केस चिकटले होते. पंख चिकटवताना वजन म्हणून ठेवायची ती ऐरण. मारणाऱ्यानं एका घावात हात आवरला नव्हता. डोक्याची उजवी बाजू पार आत गेली होती, आणि रक्त म्हणाल तर भिंतीवर, रंगांच्या बाटल्यांवर, वर ट्यूबलाइटवरसुद्धा उडालं होतं.

फौजदार दारातच थांबले. नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण लोकांच्या तोंडी अजून तेच नाव होतं. अशी डोकी त्यांनी उभ्या नोकरीत कमी पाहिली नव्हती. फरक एवढाच, की या डोक्यानं आज सकाळीच त्यांना चारचौघांत विचारलं होतं, "फौजदार, हे विमान आहे की तुमच्या खात्यानं जप्त केलेला माल?"

दर रविवारी सकाळी उस्तादांच्या घरामागच्या या खोलीत मंडळ भरायचं. प्लॅस्टिकचे तुकडे जोडून खऱ्या विमानांच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती करायच्या आणि रंगवायच्या, हा या मंडळींचा नाद. बायका त्याला खूळ म्हणत. उस्तादांचा हात काळ्या विमानांवर बसलेला. पांढरं विमान कुणीही रंगवेल, काळ्यापाशी भल्याभल्यांची भंबेरी उडते, असं ते म्हणत. बाटलीतला तयार काळा त्यांच्याकडे निषिद्ध होता. "एवढ्याशा विमानावर तो मारला की विमान दिसत नाही," ते सांगत, "विमानाच्या आकाराचं भोक दिसतं." म्हणून आधी राखाडी-तपकिरी ढगांसारखं चितकबरं अस्तर द्यायचं. मग स्वतः कालवलेला काळा एअरब्रशनं, म्हणजे पेनाएवढ्या फवाऱ्यानं, इतका पातळ चढवायचा की खालचे ढग जरा जरा डोकावले पाहिजेत. हा काळा कशाकशातून कालवायचा ते उस्तादांनी कुणाला सांगितलं नाही. ज्यानं त्यानं आपापला शोधला होता.

एक कणही धूळ काळ्यावर लपत नाही, म्हणून खोलीच्या खिडक्या वर्षानुवर्षं चिकटपट्टीनं बंद. सगळं काम ट्यूबलाइटखाली.

"सर, तुम्ही या लोकांत बसता-उठता," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. त्या त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या. "नुसतं बघा. काही खटकलं तर सांगा."

फौजदारांनी पाहिलं. टेबलावर वीतभर जागा कोरडी नव्हती. आणि मधोमध, आपल्या घोडीवर, हातभर पंखांचं ते काळं विमान उभं होतं. सकाळी त्याचे दोन्ही पंख नुसतेच चितकबरे होते, म्हणजे काळा दुपारी चढला होता. आणि त्याच्यावर ठिपका नव्हता. सगळी खोली रक्तात न्हालेली, आणि हे मात्र नुकतंच अंग पुसून आल्यासारखं.

"याला तुमच्यापैकी कुणी हात लावला?"

"कुणीच नाही सर."

"मग आपल्या आधी कुणीतरी लावलाय."

बाईंनी ते लिहून घेतलं, पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. त्या जरा घुटमळल्या. "सर, आता दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा मीच सांगते. तुमच्या जावयांना आम्ही ताब्यात घेतलंय."

२

दोष द्यायचा तरी कुणाला? जावयांनी स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता.

ते मंडळात नवे होते, आणि फौजदारांनीच त्यांना आणलं होतं. रागीट माणूस, हाताला बारीक काम लागलं तर डोकं शांत राहील हा सासऱ्याचा हिशेब. त्या रविवारी ते आपलं पहिलं काळं विमान घेऊन आले. उस्तादांनी ते ट्यूबखाली फिरवलं, वास घेतला आणि म्हणाले, "बाटलीतला. कोळसा उगाळावा तितका काळाच." मग खिशातून सॅंडपेपर काढून त्यांनी सगळ्यांसमोर त्या विमानाचा पंख घासला, खालचं पांढरं प्लॅस्टिक दिसेपर्यंत. जावयांनी त्यांची गचांडी धरली. "डोकं फोडीन तुझं," असं ते म्हणाले आणि ते पाच जणांनी ऐकलं.

जेवणं झाल्यावर ते परत त्या गल्लीत शिरताना दिसले. संध्याकाळी पोलीस घरी गेले तेव्हा न्हाणीघरातल्या बादलीत त्यांचा शर्ट भिजत होता आणि पाणी तांबडं झालं होतं. उस्तादांचा जो रक्तगट, तोच त्या रक्ताचा निघाला. पुढची तपासणी व्हायची, पण साबणाच्या पाण्यानं नमुना बिघडलाय, त्यातून काही हाती लागेलच असं नाही, असं बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बबडी आली. फौजदारांची एकुलती एक लेक. तिची आई गेल्यापासून दोघंच एकमेकांना. लग्नाला आता तीन वर्षं झाली होती.

"बाबा, त्यांनी नाही केलं हे," ती म्हणाली.

"मग रक्त कुणाचं?"

"घोळणा फुटला होता त्यांचा."

"ते म्हणतात दाढी करताना कापलं."

तिनं बाह्या आणखी खाली ओढल्या. गरमीच्या दिवसांत तिनं मनगटापर्यंत बाह्या घातल्या होत्या आणि खालचा ओठ एका बाजूला सुजला होता.

"हे काय झालं?"

"न्हाणीघरात पाय घसरला," बबडी जमिनीकडे बघत म्हणाली. "माझं जाऊ द्या. त्यांना फाशी होईल का हो?"

फौजदारांनी तिला जवळ घेतलं. जावयाला सोडवायचं, नाहीतर पोरीचा संसार बुडाला, एवढंच त्या क्षणी त्यांच्या डोक्यात होतं. ओठाकडे बघितलं आणि न बघितल्यासारखं झालं. त्याचा त्यांना पुढं फार राग आला, पण तो पुढं.

३

मंडळातले मास्तर उस्तादांच्या घरासमोरच राहायचे. आयुष्यभर मुलांना चित्रकला शिकवून आता खिडकीत बसून जग तपासायचे.

"उस्ताद मेला हे वाईट झालं," ते म्हणाले. "पण वेळेवर झालं असं म्हणणारे चार तरी सापडतील. त्यांतला पहिला मी. मागच्या प्रदर्शनात माझं बक्षीस काढून घेतलं त्यानं. म्हणे बाटलीतला काळा. माझा. ज्यानं पन्नास वर्षं रंगच कालवले त्याचा."

"रविवारी दुपारी काय दिसलं?"

"तुमचे जावई. तणतणत गल्लीत शिरले, दारावर लाथ मारल्याचा आवाज आला, आणि आले तसे बाहेर. पान खाऊन थुंकायला जेवढा वेळ लागतो तेवढाच."

"नंतर कोण आलं-गेलं?"

"मी खिडकी लावून घेतली. ऊन डोळ्यांवर येतं. झोपलो." मग सावकाश म्हणाले, "झोपलो होतो याला साक्षीदार नाही बरं का. बायको माहेरी आहे."

तिथून फौजदार डॉक्टरांकडे गेले. दातांचे डॉक्टर, उस्तादांचे मेहुणे, म्हणजे त्यांच्या बायकोचे, वहिनींचे, धाकटे भाऊ. मंडळातला उस्तादांच्या खालोखालचा हात त्यांचाच. दवाखान्यात दुसरी बसायची जागा नव्हती, म्हणून त्यांनी फौजदारांना पेशंटच्याच खुर्चीत बसवलं.

"मंडळ संपल्यावर घरी गेलो, जेवलो, आडवा झालो," ते म्हणाले. "ताईचा फोन आला तेव्हा उठलो. पोहोचलो तर पोलिसांनी दारातूनच परतवलं. आत पाऊलसुद्धा टाकू दिलं नाही." त्यांचे डोळे रडून लाल झाले होते. ते हत्यारं पुसत होते, पुसलेलीच परत पुसत होते. "बबडी कशी आहे? दात दुखत नाही ना आता?"

"कुठला दात?"

डॉक्टर थांबले. "काही नाही. मागे एक बसवला होता." आणि विषय बदलायचा म्हणून की काय, फौजदार उठायला लागले तेव्हा ते म्हणाले, "विमान पोलिसांनी नेलं म्हणे. डाव्या पंखाला कुणाला बोट लावू देऊ नका हो. रंग कोवळा आहे अजून."

"सांगतो," फौजदार म्हणाले. त्यांच्या डोक्यात दात अडकला होता.

वहिनींनी त्यांना चहा दिला. नवरा गेलेल्या बाईनं आपल्यासाठी उठून चहा करावा याचा फौजदारांना संकोच वाटला, पण त्या ऐकेनात. हाताला काहीतरी काम हवं होतं त्यांना.

"यंत्र चालू होतं भाऊजी," त्या म्हणाल्या. एअरब्रशला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर, त्याला त्या यंत्र म्हणत. "अगदी चहाच्या वेळेपर्यंत घरघरत होतं. मला वाटलं हे काम करताहेत. मध्ये जायची सोय नव्हती. ओला रंग असला की मी तिकडं फिरकतही नसे. मग यंत्र थांबलं आणि मी चहा घेऊन गेले."

"पोलीस म्हणतात, ते यंत्र आपलं आपण चालू-बंद होतं."

"असेल बाई. मला काय कळतंय त्यातलं."

त्यांनी कप पुढं केला आणि फौजदारांना त्यांचं मनगट दिसलं. हाड तुटून वाकडंच जुळलं होतं, हात कोपरापासून सरळ येऊन शेवटी भलतीकडेच वळत होता.

"हे कधी झालं वहिनी?"

"झालं की वर्ष. न्हाणीघरात पाय घसरला," वहिनी जमिनीकडे बघत म्हणाल्या.

तेच शब्द आणि तोच सूर. फौजदारांनी कप न पिताच खाली ठेवला.

४

त्या रात्री ते झोपले नाहीत. दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर पोलीस ठाण्यात गेले. जावयांना भेटायला, असं त्यांनी स्वतःलाच सांगितलं होतं.

जावई गजाआडून म्हणाले, "बाबा, आईशप्पथ, मी दार ठोकलं, आत यंत्र चालू होतं, कुणी उघडलं नाही. लाथ घातली आणि घरी गेलो."

"घरी जाऊन काय केलंत?"

"झोपलो."

नाक साफ होतं, हनुवटीवर ओरखडासुद्धा नव्हता. उजव्या हाताची बोटांची पेरं मात्र सोललेली होती. फौजदार त्या पेरांकडे बघत राहिले. मग तोंड फिरवून बाहेर आले, कारण आणखी क्षणभर थांबले असते तर गजांतून हात घालून त्यांनी त्या माणसाचा गळा आवळला असता.

बाहेर आवारात हवालदार एक फळी तोलत गाडीकडे निघाला होता. फळीवर ते काळं विमान. तपासणीला चाललं होतं. भर उन्हात.

आणि फौजदारांनी उस्तादांचं काम जन्मात पहिल्यांदा उन्हात पाहिलं.

"थांब," ते म्हणाले.

ट्यूबखाली जो नुसता काळा दिसायचा, तो उन्हात खोल निळा झाला होता, दौतीच्या तळाशी राहिलेल्या शाईसारखा. सगळं विमान तसं. फक्त डाव्या पंखावर, बुंध्यापासून मध्यापर्यंत, तळहाताएवढा भाग तसा नव्हता. तो तपकिरी होता. कडा अशी विरवलेली की सांधा कुठं सुरू होतो ते सांगता येऊ नये. फार तयार हाताचं काम. ट्यूबखाली हे दोन काळे जुळे भाऊ वाटले असते.

म्हणजे पंखावर रक्त उडालं होतं. कुणीतरी ते टिपलं, आणि वर नवा काळा चढवला. पातळ थर, सुकवणं, पुन्हा थर. त्या प्रेताशेजारी बसून. म्हणून यंत्र चहापर्यंत घरघरत होतं. ते आपोआप चालत नव्हतं. आणि ज्यांना बाटलीतल्या काळ्यापलीकडे काही येत नाही, जे आले तसे गल्लीबाहेर पडले, त्या जावयांचं हे काम नव्हे.

मग त्यांना कालच ऐकलेलं एक वाक्य आठवलं. ते बोलणाऱ्याला ती गोष्ट ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. फौजदारांना घाम फुटला.

"काय झालं सर?" इन्स्पेक्टरबाई मागे येऊन उभ्या होत्या. त्याही विमानाकडे बघत होत्या, पण त्यांना फक्त काळं विमान दिसत होतं.

जावयाला सोडवायला एक वाक्य पुरे होतं. ते जिभेवर आलं होतं.

"काही नाही," फौजदार म्हणाले. "ऊन लागलं जरा."

५

बबडी आपल्या घरी भाजी चिरत होती. त्यांनी तिच्या हातातली सुरी काढून घेतली आणि तिच्यासमोर बसले.

"रविवारी दुपारी जावई कुठं होते?"

"घरी."

"शर्टावरचं रक्त कुणाचं?"

"सांगितलं ना, घोळणा..."

"त्यांचं नाक मी बघून आलो. आणि हातसुद्धा. बबडे, मी तुझा बाप आहे, आणि त्याआधी तीस वर्षं पोलिसांत होतो. दोन्हीकडे आंधळा ठरलो. आता तरी सांग."

तिनं चिरलेली भाजी बाजूला सारली. मग तिनं डावी बाही वर केली. दंडापासून कोपरापर्यंत पट्ट्याचे वळ, काही निळे, काही पिवळे पडत आलेले, काही अगदी ताजे. मग तिनं ओठ बोटानं खाली ओढला. आत दातांची जागा रिकामी होती आणि हिरडी काळीनिळी.

"माझं," ती म्हणाली. "तिथून चिडून आले. दार आतून लावलं. उस्तादांवरचा राग होता तो. मध्येच रक्ताचा शर्ट काढून बादलीत टाकला आणि पुन्हा सुरू झाले. संध्याकाळी पोलीस आले तेव्हाच थांबले."

फौजदारांनी घरभर नजर फिरवली. या घरात ते दर आठवड्याला जेवून जात होते. जावईबापू पंख्याखालची खुर्ची त्यांना द्यायचे.

"ऐक," ते शेवटी म्हणाले. "खून कुणी केला ते मला कळलंय. दुसऱ्या कुणाला ते दिसणार नाही. मी गप्प बसलो तर हा माणूस पुन्हा या घरात पाय ठेवणार नाही. बोललो तर सुटेल. देवाशप्पथ सांगतो, मला गप्प बसायचंय. मी तुझ्याकडे ते कबूल करायला आलोय."

बबडीनं बाही खाली केली.

"म्हणजे जन्मभर मी त्यांच्यासाठी रडायचं," ती म्हणाली. "चांगला नवरा होता बिचारा, नाहक गेला, असं लोक मला समजावणार आणि मी हो म्हणणार. नको बाबा. तीन वर्षं खोटं बोलतेय मी. तोंड विटलं. तुम्ही बोला."

६

दुसऱ्या दिवशी उन्हाच्या वेळी उस्तादांच्या घरामागच्या अंगणात मंडळ भरलं. प्रत्येकानं आपलं एकेक काळं विमान आणायचं, असा बाईंचा निरोप होता. वहिनी दारात उभ्या होत्या.

"तुमची अक्कल ट्यूबखाली फार चालते," फौजदार म्हणाले. "आज जरा उन्हात बघू."

आधी त्यांनी स्वतःचं ठेवलं. उन्हात ते इतकं डागाळलेलं दिसलं की हवालदारालाही हसू आलं. जावयांचं ठेवलं, सॅंडपेपरनं घासलेलं. उरलेल्या भागावर ठार काळा, विमानाच्या आकाराचं भोक. मास्तरांचं हिरवट राखाडी निघालं.

"बाटलीतला नाही," मास्तर सगळ्यांकडे बघत म्हणाले. "नोंद घ्या. माझं बक्षीस."

मग डॉक्टरांचं. उन्हात ठेवताच त्याचा काळा तापून वर आला. तपकिरी, दाट उकळलेल्या कोऱ्या चहाचा रंग. तोवर बाईंनी मागवून घेतलेलं उस्तादांचं विमान शेजारी आणून ठेवलं होतं, आणि त्या निळ्या पंखावरचा तपकिरी तळहात आता आंधळ्यालाही दिसला असता.

बाईंनी कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवून त्या जागी फिरवला. कापूस तपकिरी झाला. खऱ्या विमानाच्या पत्र्यांचे जोड दाखवायला ज्या बारीक खाचा कोरलेल्या होत्या, त्यांच्यात मात्र खाली काहीतरी गंजासारखं तांबडं शिल्लक होतं.

"तपकिरी काळा काय मी एकटाच कालवतो?" डॉक्टर हळूच म्हणाले.

"नसेल. पण रविवारी सकाळी हे दोन्ही पंख चितकबरे होते. काळा दुपारी चढला. तुम्ही घरी झोपला होता, आणि नंतर पोलिसांनी तुम्हाला आत पाऊल टाकू दिलं नाही. मग डावा पंख अजून कोवळा आहे हे मला कुणी सांगितलं, डॉक्टर? आणि डावाच?"

डॉक्टर पायरीवर बसले.

"दुपारी त्याच्या मदतीला गेलो होतो," ते म्हणाले. "दार आतून लावलं, धूळ येऊ नये म्हणून. त्यानं काळा चढवला आणि धुळीचा विषय निघाला. म्हणाला, धूळ नको असेल तर घरात शिस्त लावावी लागते. तुझ्या बहिणीनं एकदा रंग ओला असताना झाडू मारला. कण बसला पंखावर. मग तिला हात टेबलावर ठेवायला लावला आणि ही ऐरण वरून सोडली. तेव्हापासून जपून झाडते. असं म्हणाला. हसत. पंखावरची नजरसुद्धा काढली नाही."

वहिनींनी पदर तोंडात धरला.

"मला ताईनं सांगितलं होतं पाय घसरला. मी मान डोलावली होती. पहिला घाव मला आठवतो. पुढचे नाही."

"मग निघून का गेला नाहीत?" बाईंनी विचारलं. "तुमच्यावर कुणाचा संशयही नव्हता."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की हा काय प्रश्न झाला.

"पंखावर थेंब उडाले होते. ओल्या काळ्यावर. ते तसेच कसे ठेवणार? टिपले, घासले, पण वाटीतला त्याचा रंग सांडून गेला होता. म्हणून माझा कालवला. सगळे थर होईपर्यंत हात हललासुद्धा नाही माझा. काम संपलं, यंत्र बंद केलं, रक्ताळलेला एप्रन काढून गुंडाळला आणि मग खाली बघितलं. तेव्हा बाहेर जाऊन ओकलो."

बाईंनी हवालदाराला खूण केली. डॉक्टर उठले, पण फौजदारांपाशी थांबले आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमच्या बबडीचे दोन दात मी बसवलेत. दोन्ही वेळा पाय घसरला होता. तुम्ही गप्प बसला असता तर दोन्ही घरं सुटली असती, फौजदार."

"मी बसलो होतो गप्प," फौजदार म्हणाले. "अर्धा दिवस. तिनंच नको म्हटलं."

वहिनी दारातून खाली आल्या. त्यांनी त्या वाकड्या हातानं भावाचा दंड धरला आणि गाडीपर्यंत सोडला नाही.

७

जावयांना सोडायला आता एक कागद बाकी होता. खुनाच्या वेळी माणूस कुठं होता, हे घरच्या कुणाच्या तरी तोंडून नोंदवून घ्यायचं, तेवढं झालं की घरी.

जावई बाईंच्या टेबलासमोर पाय लांब करून बसले होते. तीन दिवसांची दाढी वाढली होती, पण सूर परत आला होता. सासऱ्यांना बघून उठले आणि वाकले. "बाबा, उपकार झाले तुमचे. ह्या लोकांनी मला लटकवलंच असतं."

फौजदारांनी पाय मागे घेतले. जावई परत खुर्चीत बसले.

बबडी आत आली. तिनं आखूड बाह्यांचा ब्लाउज घातला होता. हवालदारानं तिच्या दंडाकडे बघितलं आणि मान खाली घातली. जावयांनीही बघितलं, आणि त्यांचे पाय आपोआप आखडले.

"अगं, काय घातलंयस हे," ते दबक्या आवाजात म्हणाले. "चल, पटकन सांग यांना. मी घरी होतो ना?"

"हो," बबडी म्हणाली. "घरीच होते."

बाईंनी लिहिलं. जावयांनी सुस्कारा सोडला.

"जेवणं झाल्यावर आले, दार आतून लावलं, आणि तुमची माणसं येईपर्यंत मला मारत होते. आधी पट्ट्यानं, मग हातानं. त्या शर्टावरचं रक्त माझं आहे." ती थांबली, बाईंचं पेन थांबलं होतं म्हणून. "लिहा ना. ह्याच कागदावर लिहा, वेगळा नको."

जावई खुर्चीतून उठले आणि त्यांचा हात वर गेला. पोलीस ठाण्यात, भर दिवसा, चार माणसांसमोर. सवयीचा हात तो, त्याला जागा कळली नाही. बाईंनी तो मनगटातच धरला आणि पिळून टेबलावर दाबला. जावई कळवळले.

बबडी मागे सरली नाही. तिनं कागदाकडे बोट केलं, कुठपर्यंत आलं होतं ते बाईंना दाखवायला.

"बसा जावईबापू," फौजदार म्हणाले. "तिचं अजून सांगून झालेलं नाही."